राखलेली घाण

दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या बाईला नाव नसतं. ती सगळ्यांची मावशी. डॉक्टरांची मावशी, रोग्यांची मावशी, रोग्याला भेटायला आलेल्या बाईच्या कडेवरच्या पोराचीही मावशीच. या मावशींनी उभा जन्म त्याच नावावर काढला. निवृत्त होऊन घरी बसल्या तरी गल्लीत त्यांना कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. त्यामुळे पुढे कोर्टात पुकारा व्हायचा तेव्हा पट्टेवाला कागदावरचं नाव ओरडायचा आणि मावशी बाकावर ढिम्म बसून राहायच्या. मग शेजारचं कोणी तरी कोपराने ढोसायचं, "अहो बाई, तुम्हालाच बोलावतायत."

घाणीशी मावशींचं जुनं नातं होतं आणि त्या नात्यात वैर नव्हतं. वॉर्डात नव्या पोरी नाकाला फडकं बांधून काम करायच्या, तोंड वळवून भांडी उचलायच्या. मावशी उघड्या तोंडाने, रोग्याशी गप्पा मारत मारत सगळं आवरायच्या. रोग्याला लाज वाटू नये म्हणून मुद्दाम काही तरी हसण्याजोगं बोलायच्या. नव्या पोरींना सांगायच्या, "आजारी माणसाची घाण ही घाण नसते गं. आतलं दुखणं बाहेर आलेलं असतं. त्याचा काय राग धरायचा?"

आणि वॉर्ड मात्र आरसा. सकाळी मोठे डॉक्टर राऊंडला निघाले अशी कुणकुण लागली की मावशींच्या अंगात वारं शिरायचं. फरशी, खाटांचे पाय, खिडक्यांचे गज, काही म्हणून सुटायचं नाही. मेट्रन बोटाला पांढरा रुमाल गुंडाळायची आणि खाटेच्या खालच्या पट्टीवरून फिरवायची. बाकीच्या वॉर्डांत तो रुमाल काळा व्हायचा. मावशींच्या वॉर्डात पांढरा जायचा आणि पांढराच यायचा. मेट्रन नुसती रुमाल खिशात ठेवायची. मावशींना ते पदकासारखं वाटायचं. कोणी मोठं माणूस कागद घेऊन बघायला येणार म्हटलं की आधी धुवायचं, ही गोष्ट त्यांच्या हाडात गेली ती तिथेच. आणि हीच गोष्ट पुढे त्यांच्या मुळावर आली.

किळस म्हणजे काय असतं ते मावशींना उतारवयात कळलं. ते कळलं स्वयंपाकघराच्या एका भिंतीमुळे.

घर दोन मजल्यांचं, सासऱ्यांनी बांधलेलं. वाटणीत खालचा मजला मावशींच्या नवऱ्याला आला, वरचा धाकट्या दिराला. नवरा गेला, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आणि खाली मावशी एकट्या राहिल्या. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला मागच्या बोळाकडे उघडणारी एक खिडकी. सकाळचं ऊन तिथून तिरपं आत यायचं, ओट्यावरच्या डब्यांवर चढायचं आणि एकेका झाकणावर थोडं थोडं बसून पुढे सरकायचं. मावशी चहाचा कप घेऊन ते ऊन बघत बसायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाटांभोवती फिरलेल्या बाईला बसायला ती एक जागा मिळाली होती, आणि तेवढ्यात ती सुखी होती.

एकदा लेकीच्या आजारपणात मावशी घराची किल्ली वर ठेवून काही दिवस तिच्याकडे राहून आल्या. परत आल्या तर स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला आतून नवं प्लास्टर. दीर दारातच उभा.

"वहिनी, भिंत फार जुनी झाली होती. म्हटलं, तुमच्या मागे करून घेऊ. तुम्हाला कशाला धुळीचा त्रास."

मावशींचे डोळे भरून आले. त्यांनी दिराला बसवून चहा पाजला, वर जावेसाठीही कपभर पाठवला. तो चहा त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिला. त्यांनी आयुष्यात कोणाला पाजलेल्या कुठल्याच घोटाची त्यांना एवढी चीड आली नव्हती.

काही महिन्यांनी प्लास्टरवर एक पिवळा ठिपका उमटला. ठिपक्याचा डाग झाला, डागाला जीभ फुटली आणि ती जीभ भिंतीवरून खाली ओट्याकडे चाटत चाटत आली. वास तर आधीच आला होता. मावशींच्या नाकाला तो ओळखायला क्षण लागला नाही, मनालाच कबूल करायला वेळ लागला. दिराने वर जुना संडास मोडून त्या जागी खोली वाढवली होती आणि नवा संडास बरोबर मावशींच्या ओट्याच्या डोक्यावर बांधला होता. त्याची नळी बाहेरच्या अंगाने खाली आणायची, तर ती नव्या खोलीच्या खिडकीसमोरून गेली असती. हवा अडली असती, दिसायला वाईट दिसलं असतं. म्हणून मावशी गावाला गेलेल्या बघून त्याने त्यांची भिंत आतून फोडली, नळी तिच्या पोटात घातली आणि वरून लिंपून टाकली.

वर कोणी पाणी सोडलं की मावशींच्या घासाशेजारून भिंत गुरगुरायची. घास तोंडातच थांबायचा.

त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या. "भाऊजी, भिंत गळतेय."

"जुनं घर आहे वहिनी. गळायचंच."

"पाणी गळतंय असं म्हणत नाही मी. गू गळतोय."

"अहो, काय ही भाषा!"

वरून जावेने, म्हणजे सगळे जिला धाकटी म्हणत तिने, कठड्यावर रेलून सांगितलं, "राहू द्या हो, दवाखान्यात जन्म गेलाय त्यांचा. जिभेवरही तेच येणार." मग आवाजात साखर घालून म्हणाली, "जाऊबाई, लेक एवढी बोलावतेय तर जा की तिच्याकडे. या वयात एकटं कशाला राहायचं? खालचं आम्ही सांभाळतो."

तेव्हा मावशींना त्या नळीचं दुसरं टोक दिसलं. हाकलून द्यायला निमित्त लागतं, भांडायला तोंड लागतं. वासाला काहीच लागत नाही. तो नुसता सोडून द्यायचा आणि वाट बघायची. म्हातारी आज ना उद्या आपल्या पायांनी निघून जाईल.

लेकीनेही फोनवर तेच सांगितलं. "आई, सोड ते घर. ये इकडे."

"घर सोडेन गं. पण घाणीला घाबरून? मी?" मावशी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेल्या.

वकील बोलायला गोड होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नुसत्या वासावर कोर्ट हलत नाही मावशी. तुम्हाला आजार पाहिजे. दम्याचं सर्टिफिकेट आणा. तुम्ही तर दवाखान्यातल्याच, कोणीही देईल."

"मला दमा नाही."

"म्हणून तर सर्टिफिकेट पाहिजे. दमा असता तर दम्यानेच काम झालं असतं." तो आपल्याच बोलण्यावर हसला. "खोट्याचा टेकू दिल्याशिवाय खरं उभं राहत नाही हो."

मावशींनी त्याच्या टेबलाकडे पाहिलं. काचेखाली देवाचं चित्र होतं, काचेवर चहाची सुकलेली वर्तुळं, एकात एक. वॉर्डात त्या खऱ्या दम्याची माणसं उशीला धरून बसलेली बघत आल्या होत्या. रात्र रात्र एकेका श्वासासाठी भीक मागणारी माणसं. त्यांचा दमा आपण उसना मागायचा? त्यांनी आपले कागद उचलले.

"वकिलाशिवाय काय करणार?" त्याने विचारलं.

"मलाच तोंड दिलंय देवाने."

"तोंड सगळ्यांनाच असतं. कुठे उघडायचं आणि कुठे मिटायचं, त्याचे पैसे घेतो आम्ही."

त्याचं हे म्हणणं खोटं नव्हतं. पण ते कळायला मावशींना थोडा अवकाश होता.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मावशी ती चढल्या, आणि त्यांना पहिला प्रश्न पडला तो हा, की ही पायरी कोणी झाडत का नाही? जिन्याच्या प्रत्येक वळणावर कोपऱ्यात थुंकीचे थर. पाण्याच्या पिंपावरचा पेला साखळीने बांधलेला, जणू चोरण्यासारखा होता. बायकांच्या संडासाच्या दाराला कडी नाही, आत पाणी नाही. जाणारीने दुसरीला दाराशी उभं करायचं आणि दुसरीने नाक धरून उभं राहायचं. काळ्या कोटांच्या काखेत घामाचे पांढरे नकाशे. व्हरांड्यात सगळ्यात वाईट होतं ते हसणं. आत एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे वकील बाहेर एकाच बशीतून बिस्किटं उचलायचे. दिराचा वकील येता-जाता मावशींना वाकून नमस्कार करायचा. "काय मावशी, तब्येत बरी ना? जपा हो." आणि आत जाऊन सांगायचा, "ही बाई भांडकुदळ आहे, मॅडम. हिला घरातल्यांचा सुखासुखी संसार बघवत नाही."

वॉर्डातली घाण बिचारी लाजायची, मावशींना वाटायचं. इथली घाण नमस्कार करते.

दावा त्यांनी आवारातल्या टायपिस्टकडून लिहून घेतला. मावशी सांगत गेल्या, तो बडवत गेला. त्या 'गू' म्हणाल्या तिथे त्याने 'मैलायुक्त सांडपाणी' लिहिलं.

"हे कोणाचं?" मावशींनी विचारलं.

"तेच ते. कोर्टात अंघोळ घालून न्यावं लागतं."

न्यायाधीश बाई होत्या, मध्यम वयाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. पहिल्याच तारखेला त्यांनी विचारलं, "तुमचे वकील?"

"मीच, मॅडम."

"सरकारकडून मोफत वकील मिळतो. अर्ज करा."

"एकाला बघून आले. दुसऱ्याची हिंमत नाही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दिराचा वकील म्हणाला की गळती वगैरे काही नाही, बाईंचा भास आहे. न्यायाधीश बाईंनी हुकूम केला, की कोर्टाने नेमलेला कमिशनर प्रत्यक्ष जागेवर जाईल, भिंत बघेल आणि अहवाल देईल. तारीख ठरली. मावशींचा जीव हरखला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? माणूस येऊ दे, नाक असलं की झालं.

आणि मग त्यांनी ती गोष्ट केली, जी दवाखान्यात आयुष्य काढलेली बाईच करू शकते.

आदल्या दिवशी दुपारी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. उद्या कोर्टाचा माणूस येणार. हातात कागद असणार. तो ही भिंत बघणार, ओटा बघणार, आणि ही कोणाची म्हणून विचारणार. त्यांच्या अंगात जुनं वारं शिरलं. डोकं काही बोललंच नाही, हातांनीच ठरवलं. बादली, ब्रश, फिनेल. त्यांनी भिंत वरून खाली घासली, पिवळी जीभ मुळापासून खरवडली, ब्लीचिंग पावडर चोळली, फरशी धुतली, डबे पुसले, आणि शेवटी उरलेल्या चुन्याचा एक हातही भिंतीवर फिरवला. सकाळी ऊन आलं तेव्हा भिंत मेट्रनच्या रुमालासारखी पांढरी होती. वरच्या मंडळींनीही त्या दिवशी तोंडात मूग धरल्यासारखे नळ धरून ठेवले होते. भिंत ना गुरगुरली, ना पाझरली.

कमिशनर म्हणजे एक कोवळा वकील होता, नवे बूट घातलेला, एकेक पाऊल जपून टाकणारा. त्याने भिंतीला हात लावला, वास घेतला, आणि मनापासून म्हणाला, "मावशी, घर किती स्वच्छ ठेवलंय हो तुम्ही. आमच्या घरी असं नसतं."

मावशी लाजल्या. त्याला चहा दिला. तो गेल्यावर कितीतरी वेळ त्यांच्या चेहऱ्यावर ते कौतुक चमकत होतं.

तेच कौतुक पुढच्या तारखेला दिराच्या वकिलाने वाचून दाखवलं. "भिंत स्वच्छ, पांढरी व कोरडी. गळतीची खूण नाही. खोलीत फिनेलचा वास." त्याने कागद खाली केला. "मॅडम, ऑपरेशन थिएटरसुद्धा एवढं स्वच्छ नसतं. या बाईंचा दावा आहे, की त्या नरकात राहतात."

मागच्या बाकांवर हशा पिकला. दीर हसला. मावशींच्या कानशिलातून वाफ निघाली आणि मग, एकदम, पायांखालची फरशी निघून गेल्यासारखं त्यांना कळलं, आपण काय केलं ते.

व्हरांड्यात त्यांचा तो पहिला वकील भेटला. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. "मावशी, लोक पुरावा जाळतात, गिळतात. फिनेलने धुतलेला आजच ऐकला." मग थोडा गंभीर होऊन म्हणाला, "मी असतो तर एवढंच सांगितलं असतं, भिंतीला हात लावू नका."

ज्याची शिसारी आली त्याच्याच तोंडून खरं ऐकावं लागलं, हे मावशींना गिळायला जड गेलं.

घरी येऊन त्या भिंतीसमोर बसल्या. चुन्याखालून पिवळं परत डोकावायला लागलं होतं. वरचे नळ मोकळे झाले होते ना. त्यांना वॉर्डातलं पहिलं वर्ष आठवलं. एका रोग्याने ओकलेलं भांडं त्यांनी चटकन रिकामं केलं होतं आणि मोठे डॉक्टर भडकले होते. "रंग कोणता होता? मला न दाखवता टाकलंत कसं?" त्या दिवसापासून मावशी भांडं खाटेखाली झाकून ठेवायच्या, डॉक्टरांनी बघितल्यावरच टाकायच्या. म्हणजे त्यांना हे ठाऊक होतं. पण ती घाण परक्याची होती. परक्याची घाण दाखवता येते. आपल्या घरची दाखवायची तर आपणच उघडे पडतो.

पुढच्या तारखेला त्या उभ्या राहिल्या. हात कठड्यावर.

"मॅडम, भिंत मीच धुतली."

दिराचा वकील ताडकन उठला. "पाहा मॅडम, स्वतःच कबूल करतायत."

"बसा," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "का धुतली?"

"माणूस बघायला येणार होता."

"म्हणून?"

"बघायला येणार म्हटल्यावर धुवायचंच असतं, मॅडम. मला दुसरं काही येत नाही. तुमच्या इथे मोठे साहेब तपासणीला येणार असले की तुम्हीपण पुसून घेत असाल."

कोणी तरी मागे खुसखुसलं. बाईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या काचेवर एवढी धूळ होती की बाहेर दिवस आहे की संध्याकाळ ते कळत नव्हतं. त्यांनी नजर परत कागदावर आणली आणि बराच वेळ लिहिलं. पुन्हा पाहणी होईल, दोन्ही बाजूंना आधी कळवून. मग चष्म्यावरून मावशींकडे बघत म्हणाल्या, "आणि तोवर त्या भिंतीला हात लावायचा नाही. समजलं?"

"हो," मावशी म्हणाल्या. त्यांना वाटलं, किती सोपं आहे. काही करायचंच नाही.

पण कमिशनरची तारीख पुढे गेली. आधी तो आजारी पडला, मग दिराच्या वकिलाला दुसरीकडे काम निघालं, मग कोर्टाला सुट्ट्या लागल्या. आणि भिंत कोणाच्या सुट्टीसाठी थांबली नाही. चुना फुगला, पापुद्रे सुटून ओट्यावर पडले, जीभ परत आली आणि या वेळी ती ओट्यावर पोहोचून डब्यांच्या बुडाशी पसरली. मावशींनी डबे पुढच्या खोलीत हलवले, स्टोव्ह दारात आणला. जेवण दारात, चहा दारात. ऊन सकाळी येऊन रिकाम्या ओट्यावर बसायचं आणि त्या उन्हात माश्यांचा थर चमकायचा. प्लास्टरच्या भेगेत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळायला लागल्या. ज्या बाईने आयुष्यात कुठल्या भांड्याकडे बघून तोंड वळवलं नाही, ती आपल्याच स्वयंपाकघराकडे पाठ करून जेवायची.

हात मात्र ऐकत नसत. दारावरून जाताना ते आपोआप बादलीकडे वळायचे. एकदा तर फडकं ओलं करून त्या ओट्यापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबून फडकं परत पिळून आल्या. शेवटी त्यांनी बादली आणि ब्रश शेजारणीकडे ठेवायला दिले, जशी दारू सुटावी म्हणून माणसं बाटली दुसऱ्याच्या हवाली करतात. शेजारीण बादली घ्यायला दारापर्यंत आली. आत मात्र आली नाही.

गल्लीत बोलणं सुरू झालं. धाकटी जिन्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आधी फार टेंभा होता स्वच्छतेचा. आता बघा. वय झालं की माणसाला भान राहत नाही."

लेक आली. उंबऱ्यातच थबकली, नाकावर हात गेला. "आई, हे काय करून घेतलंस?"

"मी नाही केलं."

"मग पुसत का नाहीस?"

"कोर्टाने मनाई केलीय."

लेकीने आईकडे असं पाहिलं, की मावशींना ती नजर ओळखीची वाटली. वॉर्डात नातेवाईक असेच बघायचे, डोक्यावर परिणाम झालेल्या आपल्या माणसाकडे. "चल माझ्याबरोबर. आत्ता," लेक म्हणाली.

"त्यांना तेच पाहिजे."

"मग घेऊ दे ना त्यांना. या घाणीसाठी भांडतेस?"

"माझ्या बसायच्या जागेसाठी भांडतेय गं," मावशी म्हणाल्या. लेक रडली, रागावली, आणि पाणीही न पिता गेली. त्या दिवशी मावशींना भिंतीपेक्षा स्वतःचा जास्त वीट आला.

अखेर पाहणीची तारीख कळवली गेली, खालीही आणि वरही. वरच्यांनी लगेच संडासाला कुलूप लावलं आणि सगळं कुटुंब सकाळ-संध्याकाळ शेजारच्या गल्लीत ओळखीच्यांकडे जायला लागलं. पण या वेळी नळ धरून उपयोग नव्हता. भिंतीवर जे होतं ते होतं.

आदल्या दिवशी उन्हं कलताना जिन्यावर पावलं वाजली. मावशींनी वर पाहिलं तर धाकटी. एका हातात बादली, दुसऱ्या हातात नवा कोरा झाडू. लग्न होऊन आल्यापासून या बाईने खालचा उंबरा कधी पुसला नव्हता.

"जाऊबाई, उद्या पाहुणा येणार म्हणे. म्हटलं, तुमचे गुडघे दुखतात, मी जरा हात फिरवून देते."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. हलल्या नाहीत.

"राहू दे गं."

"अहो, बाहेरचा माणूस बघणार. घराण्याची लाज आहे."

"तुला आज आठवली का लाज?"

"झालं गेलं विसरा ना. सरका जरा." धाकटीने बादली पुढे सारली. बादलीतून फिनेलचा वास आला, मावशींचा जन्मभराचा लाडका वास. क्षणभर त्यांचं मन पातळ झालं. किती सोपं होतं. सरकायचं, आणि घर परत पांढरं.

त्यांनी दोन्ही पाय लांब केले आणि चौकट अडवली.

"धाकटे, मी आयुष्यभर लोकांची घाण काढत आले. आज पहिल्यांदा राखत बसलेय. ती तुमची आहे, माझी नाही. उद्या ओळख पटवायची आहे. तोवर तिला हात लावू देणार नाही."

धाकटीची नजर आत गेली, ओट्यावर. तिथे काय होतं ते तिने तोवर पाहिलंच नव्हतं, नुसतं खाली सोडलं होतं. तिला मोठी उबळ आली. झाडू तिथेच टाकून, तोंडावर हात धरून ती जिना चढली.

दुसऱ्या दिवशी कमिशनर आला. तेच बूट, आता थोडे जुने. दोन पावलं आत आला आणि त्याने रुमाल काढला. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे त्याने स्वतःचंच नाक दाबलं आणि लेखणी उघडली.

दिराचा वकील दारातूनच म्हणाला, "हे बाईंनी स्वतः फासलं नसेल कशावरून?"

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. रोज वाकून नमस्कार करणारं ते तोंड.

कमिशनर म्हणाला, "वर जाऊन पाणी ओतू, म्हणजे कळेल." धाकटी म्हणाली, किल्ली हरवलीय. कमिशनर म्हणाला, मग कुलूप तोडल्याचं अहवालात लिहू. किल्ली सापडली. दीर आणि दिराचा वकील वर गेले, कमिशनर खाली भिंतीपाशी उभा राहिला. वर बादली ओतली गेली. भिंत गुरगुरली, भेगेतून एक बुडबुडा फुगला, फुटला, आणि जे यायचं ते थेट कमिशनरच्या बुटावर आलं.

मावशींनी त्याला अंगणात नेलं, त्याचे बूट स्वतःच्या हातांनी धुतले. "तुमची चूक नाही हो," त्या म्हणाल्या, वॉर्डात म्हणायच्या तशाच.

पुढे निकाल लागला. भिंतीतली नळी काढायची, बाहेरच्या अंगाने न्यायची, भिंत पूर्ववत करून द्यायची. बाई निकाल वाचत होत्या तेव्हा मावशींना आनंद व्हायला हवा होता. पण व्हरांड्यात आल्यावर कोपऱ्यातले तेच थर, तोच बांधलेला पेला, आणि दिराचा वकील तोच नमस्कार करून म्हणाला, "अभिनंदन मावशी. आमचं काय, आम्ही अशिलाचे गडी." मावशी सरळ जिना उतरल्या.

नळी निघाली. तिचे तुकडे प्लंबरने पोत्यात घालून नेले. त्याच संध्याकाळी दीर खाली आला आणि उंबऱ्यात उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून, जसा त्या प्लास्टरच्या दिवशी उभा होता.

"झालं ना वहिनी तुमच्या मनासारखं? उगाच कोर्टकचेरी. मला नुसतं एकदा सांगितलं असतंत तर मीच काढून दिली असती." तो हसला. "चला, आता चहा पाजा. घरातलं घरात."

मावशींनी त्या हसण्याकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत त्यांना भिंतीची, अळ्यांची, माश्यांची जी किळस आली होती ती सगळी त्या क्षणी साधी वाटली.

"दूध नाही," त्या म्हणाल्या.

"मग उद्या येईन."

तो वळून जिना चढायला लागला. मावशी शेजारी जाऊन आपली बादली आणि ब्रश घेऊन आल्या. आत भिंत वाट बघत होती, ओटा वाट बघत होता. पण दिराची पावलं अजून जिन्यावर वाजत असतानाच त्यांनी पहिलं पाणी उंबऱ्यावर ओतलं, तो उभा होता त्या जागेवर, आणि खसाखसा घासायला सुरुवात केली.